पेंडंट हातात घेण्याआधी : फौंड्रीत क्रेनवर नव्याने येणाऱ्यांसाठी

सकाळी आठच्या सुमाराला बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ उभं राहिलं की खानापूर रोडने उद्यमबागेकडे जाणाऱ्या दुचाकींची रांग लागलेली दिसते. कंग्राळी, उचगाव, बेळगुंदी, कुठून कुठून पोरं येतात. बारावी किंवा आयटीआय झालेली, कितीतरी जण पहिल्यांदाच कारखान्यात पाय ठेवणारी. आठवडाभरात कुणीतरी त्यांच्या हातात क्रेनचा पेंडंट, म्हणजे वरून केबलने लटकणारी बटणांची पेटी, देतं आणि सांगतं, "हे वर, हे खाली, हे पुढं-मागं. बघून बघून येतंय."

मलाही असंच शिकवलं होतं, अर्ध्या तासात. हालचालीची बटणं सहाच असतात, ती पाठ व्हायला तेवढा वेळ पुरतो. पण वजन किती आहे, ते कशाने बांधलंय, खाली कोण उभं आहे आणि कधी उचलायचं नाही, हे बटणांवर लिहिलेलं नसतं. ते शिकायला मला बरीच वर्षं लागली आणि मधल्या काळात त्याची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली. म्हणून हे लिहितोय. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती इथल्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) किंवा मशीन शॉपमध्ये क्रेनवर येणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी, आणि त्यांना कामाला लावणाऱ्या मेस्त्री-सुपरवायझरांसाठीही. संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडच्या साखर कारखान्यांतल्या क्रेनचं काम थोडं वेगळं असतं, पण पाया हाच.

पहिले तीन दिवस : पेंडंटला हात नाही

नव्या माणसाला तीन दिवस नुसतं उभं करायचं. मालकांना हे परवडत नाही असं वाटतं, पण तीन दिवसांचा पगार एका फुटलेल्या कास्टिंगपेक्षा, म्हणजे ओतीव नगापेक्षा, स्वस्त पडतो.

या तीन दिवसांत त्याने बे, म्हणजे शेडमधला क्रेन फिरते तो लांब पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायची. रूळ कुठे संपतात, टोकाला स्टॉपर आहे का, मेन स्विच कुठे आहे, तो डोळे मिटून सापडेल का. क्रेनच्या तीन हालचाली ओळखायच्या: हुक वर-खाली म्हणजे हॉइस्ट, ट्रॉली गर्डरवरून (क्रेनच्या आडव्या तुळईवरून) आडवी जाते ती सीटी (क्रॉस ट्रॅव्हल), आणि अख्खी क्रेन रुळावरून लांब जाते ती एलटी (लाँग ट्रॅव्हल). हुकच्या ब्लॉकवर आणि गर्डरवर लिहिलेला एसडब्ल्यूएल वाचायचा. सुरक्षित भाराचा हा आकडा पुसला गेला असेल तर रंगवून घ्यायचा आग्रह पहिल्याच दिवशी धरायचा.

पेंडंटवरचे बाण नवख्याला हमखास फसवतात. माणूस भाराच्या या बाजूने त्या बाजूला गेला की त्याचं डावं-उजवं उलटं होतं, क्रेनचं होत नाही. यावर सोपा उपाय आहे. गर्डरखाली चार दिशांना चार ठळक रंगांचे बाण रंगवा आणि तेच रंग पेंडंटच्या बटणांशेजारी लावा. मग "डावीकडे घे" म्हणायचं नाही, "पिवळ्याकडे घे" म्हणायचं. डबाभर रंगाचं काम आहे, पण त्याने चुकीचं बटण दाबण्याचं प्रमाण किती कमी होतं ते मी स्वतः बघितलंय.

वजन अंदाजाने नाही, हिशोबाने

चौथ्या दिवशी मुलाच्या हातात टेप आणि खडू द्यायचा. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) एक घनमीटर सुमारे ७.२ टन भरतो, पोलादाचा ७.८५ टन. एवढे दोन आकडे तोंडपाठ हवेत. एक मीटर लांब, ५० सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर जाड बिडाचा ठोकळा म्हणजे ०.१ घनमीटर, वजन ७२० किलो. त्याने खडूने कास्टिंगवर आपला आकडा लिहायचा, मग काट्यावर घालायचं. आठ-दहा दिवसांत नजर बसते.

साच्याच्या बाबतीत नवे हमखास चुकतात. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त धातू असतो. एक मीटर लांब-रुंद आणि अर्धा मीटर उंच बॉक्समध्ये वाळूच ८०० किलोच्या आसपास बसते. त्यावर बॉक्सचं स्वतःचं वजन, कोर (पोकळीसाठी आत बसवलेला वाळूचा गाभा), आणि ओतल्यानंतर धातू. शिवाय वाळूत रुतलेलं कास्टिंग ओढून काढताना क्रेनवर येणारा ताण त्याच्या वजनाहून जास्त असतो. तेच पायाला बोल्ट असलेल्या मशीनचं. एक नट सोडायचा राहिला तर क्रेन मशीनसकट जमीन उचलायला बघते. उचलायच्या आधी भोवती एक फेरी मारून वजन सगळीकडून सुटं झालंय का ते बघायचं.

बांधणी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण क्रेन तुटून होणारे अपघात माझ्या पाहण्यात थोडे, बांधणी सुटून झालेले पुष्कळ.

आधी कोन समजून घ्या. दोन टनांचं कास्टिंग दोन पायांच्या स्लिंगने (भार हुकला बांधायच्या चेनने, पट्ट्याने किंवा वायर रोपने) सरळ उभं उचललं तर प्रत्येक पायावर एक टन येतो. पाय फाकले की ताण वाढतो. स्लिंगचा जमिनीशी कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर सुमारे १.१५ टन, ४५ अंशाला १.४ टन, आणि ३० अंशाला चक्क दोन टन. म्हणजे चेन दोन असूनही एकेकीवर पूर्ण वजन. कोन मोजायला कुणी कंपास घेऊन बसत नाही, तेव्हा एक खूण लक्षात ठेवा: खालच्या दोन टोकांमधलं अंतर स्लिंगच्या एका पायाच्या लांबीएवढं असेल तर कोन ६० अंशांचा असतो. अंतर त्याहून जास्त दिसलं की लांब स्लिंग आणा.

दुसरं, कडा. ताज्या कास्टिंगची पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली, कड करवतीसारखी असते. कापडी पट्टा त्यावर थेट टाकला की तो कापला जातो, आणि कापला जाताना आवाज करत नाही. कडेखाली पॅकिंग हवंच. जुना कन्व्हेअर बेल्ट चालतो, अर्धा कापलेला जाड पाइप चालतो. गोणपाटाची घडी चालत नाही, ती सरकते.

पट्ट्यांना रंग असतात: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, लाल पाच. तरी भरवसा रंगावर ठेवू नका, लेबल वाचा. लेबल नसलेला पट्टा, टाका उसवलेला पट्टा, कडी ताणलेली चेन, तारा सुटून ब्रशसारखी झालेली वायर रोप, हे सगळं बाद. आणि बाद म्हणजे कोपऱ्यात ठेवायचं नाही. तुकडे करून स्क्रॅपमध्ये टाकायचं. नाहीतर तिसऱ्या दिवशी ते परत हुकवर दिसतं, किंवा कुणीतरी ट्रॅक्टर ओढायला गावी नेतो आणि अपघात तिकडे होतो. चेनला गाठ मारून किंवा दोन कड्यांत बोल्ट घालून लांबी जुळवणं तर अजिबात नको.

आता बोटांबद्दल. चेन अडकवली की ती ढिली असते. बांधणारा ती जागेवर राहावी म्हणून हाताने धरतो. पेंडंटवाला हॉइस्टचं बटण एकदा टिचकावतो आणि चेन ताठ होते. बोटं जातात ती याच क्षणी, भार अजून जमिनीवरून हललेलाही नसतो.

मी पेंडंटवर असताना हे घडलं. पंचविसेक वर्षं झाली असतील. माझं लक्ष हुककडे होतं, हुक कास्टिंगच्या मधोमध आलाय का ते बघत होतो. हेल्परचा उजवा हात चेन आणि कास्टिंगच्या मध्ये होता. मी बटण जेमतेम सेकंदभर दाबलं. त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. नंतर कागदावर 'हेल्परचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. मला विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. नोकरी जाईल असं वाटलं होतं. तो माणूस आजही बाजारात भेटतो, डाव्या हाताने पिशवी उचलतो.

तेव्हापासून मी शिकवतो ते असं: चेन जागेवर धरायची तर हाताने नाही, आकडी असलेल्या सळीने. बांधणाऱ्याने दोन्ही हात वर करून, पंजे उघडे दाखवायचे आणि दोन पावलं मागे जायचं. पेंडंटवाल्याने ते दोन पंजे बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पंजे दिसले नाहीत तर थांबायचं, मग मागून कुणी कितीही ओरडो.

शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं

हुक बघा: तोंड पसरलंय का, पिळलाय का, लॅच (तोंडावरची झडप) स्प्रिंगने परत मिटतंय का. नव्या हुकच्या तोंडाचं माप वहीत लिहून ठेवलेलं असेल तर पसरलेलं लगेच कळतं. रोप बघा, ड्रमवर नीट गुंडाळलाय का, तारा तुटल्यात का, कुठे चपटा किंवा फुगलेला झालाय का. लाल स्टॉप बटण दाबून सगळ्या हालचाली बंद होतात का ते बघा. मग रिकामा हुक हळूहळू टिचक्या देत वर न्या आणि लिमिट स्विचने तो थांबतो का ते पाहा. लिमिट स्विच शेवटचा आधार आहे, रोज हुक थांबवायचं साधन नाही. ब्रेकची परीक्षा पहिल्या खऱ्या भारावर: दहा-पंधरा सेंटीमीटर उचला, बटण सोडा, थोडं थांबा. भार इंचभर जरी खाली सरकला तरी ठेवून द्या आणि मेंटेनन्सला बोलवा.

हे वहीत लिहायचं. पण वही भरणं हेच काम होऊ देऊ नका. महिनाभर सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने एकसारख्या बरोबरच्या खुणा दिसल्या की समजावं, क्रेन कुणी तपासलेलीच नाही. माझा नियम असा की दर आठवड्याला एकतरी दोष सापडायलाच हवा. बेल वाजत नाही, पेंडंटची केबल सोललीय, बाण पुसलाय, काहीतरी असतंच.

आपल्याकडे खंडेनवमीला क्रेनचीही पूजा होते. झेंडूची माळ हुकला घालतात, गर्डर पुसतात, वर्षातून एकदा कुणीतरी वर चढून ट्रॉलीपर्यंत जातो. त्या साफसफाईत ढिले बोल्ट आणि गळकं गियर ऑइल सापडतं, म्हणून मला हा दिवस फार मोलाचा वाटतो. पण कायद्याची वार्षिक तपासणी त्याच्याशी बांधू नका. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय) २९ व्या कलमाने घातलेला दंडक असा की क्रेन, चेन, रोप आणि उचलण्याचं बाकी साहित्य १२ महिन्यांत निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून बारकाईने तपासून घ्यायचं आणि त्याची नोंद ठेवायची. अधिक महिन्याच्या वर्षी एका खंडेनवमीपासून पुढच्या खंडेनवमीपर्यंत ३८४ दिवसांच्या आसपास जातात. म्हणजे मुदत उलटून गेलेली असते. तारीख इंग्रजी कॅलेंडरवर लिहा. आणि सक्षम व्यक्ती म्हणजे ओळखीचा इलेक्ट्रिशियन नव्हे. कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खात्याची मान्यता असलेला तपासनीस. नव्या माणसाने ते प्रमाणपत्र बघायला मागितलं तर त्यात उद्धटपणा नाही.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट होती जी आपल्या भागात मे महिन्यात विसरली जाते. क्रेनच्या रुळावर किंवा रुळालगत, जिथे क्रेनचा धक्का बसू शकतो अशा ठिकाणी माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येणार नाही याची व्यवस्था करायची. मृगाच्या आधी छपराचे पत्रे बदलायला बाहेरची माणसं गँट्रीवर (क्रेनचे रूळ पेलणाऱ्या चौकटीवर) चढतात, आणि खाली डिस्पॅचची घाई असते. अशा वेळी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली वर चढलेल्या माणसाच्या खिशात. सुपरवायझरच्या टेबलावर नाही.

आता पेंडंट

पहिले दोन दिवस रिकामा हुक. तिसऱ्या दिवशी मी हुकला पाण्याने काठोकाठ भरलेली बादली लावतो. ती बेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची, मधल्या दोन बॉक्सना वळसा घालून, आणि जमिनीवर खडूने काढलेल्या वर्तुळात ठेवायची. पहिल्या खेपेला अर्धी बादली सांडते. मुलगा एलटीचं बटण दाबतो, क्रेन पुढे जाते, बादली मागे राहते, मग घाबरून बटण सोडतो आणि बादली पुढे झोका घेते. इथे त्याला एकच गोष्ट सांगायची: बादली पुढे झोका घेत असताना क्रेन थोडीशी तिच्या मागोमाग पुढे न्यायची. हुक बादलीच्या डोक्यावर आला की झोका मरतो. जमिनीवरच्या ओल्या डागांकडे बघून त्याचं त्यालाच कळतं कुठे घाई झाली. बादली न सांडता तीनदा गेली की मग लोखंड.

भार नेहमी हुकच्या बरोबर खाली हवा. तिरकं ओढायचं नाही. भार माणसांवरून न्यायचा नाही आणि माणसाने भाराखालून जायचं नाही. चालवणाऱ्याने भाराच्या मागे किंवा बाजूला, दोन हात अंतर ठेवून चालायचं, उलटं चालायचं नाही. लांब वस्तूला दोरी बांधून वळवायचं, हाताने ढकलायचं नाही. भार लटकता ठेवून चहाला जायचं नाही. लाइट गेली तर पेंडंटवर बटण दाबत बसू नका. स्टॉप दाबा, खालची जागा मोकळी करा आणि लाइट येईपर्यंत तिथेच उभे राहा.

लेडलचं, म्हणजे वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याचं, काम नव्याला वर्षभर तरी देऊ नये असं माझं मत आहे. वितळलेलं बीड १३५० ते १४०० अंशांवर ओतलं जातं, आणि आपल्या बेळगावच्या पावसात शेड कुठे ना कुठे गळतेच. पाण्याची वाफ होताना ते १६०० पटींहून अधिक फुगतं. जमिनीवरच्या ओंजळभर पाण्यावर धातू सांडला तर तो गोळीबारासारखा उडतो. ओतकामाच्या आधी लेडलचा पूर्ण रस्ता कोरडा आहे का हे कुणीतरी पायी चालून बघायचं. जून ते सप्टेंबर यात सूट नाही.

खुणा आणि भाषा

आपल्या शॉपमध्ये एकाच भाराभोवती मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसं उभी असतात. एकमेकांचं आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. पण कन्नडमध्ये 'मेले' म्हणजे वर, 'निधान' म्हणजे हळू. भट्टीच्या आवाजात नव्या मराठी कानावर हेच शब्द 'मेले' आणि 'निधन' असे पडले तर त्याला काय अर्थ लागेल, विचार करा. म्हणून भार हुकला लागला की तोंड बंद, हात सुरू.

हात वर, तर्जनी वर, छोटं वर्तुळ: उचल. हात खाली, तर्जनी खाली, छोटं वर्तुळ: उतर. हात आडवा, पंजा खाली करून बाजूला हलवला: थांब. दोन्ही हात तसेच हलवले: ताबडतोब थांब. खुणा करणारा एकच, आणि तो ठरलेला. बाकी कुणाच्या खुणेवर हलायचं नाही. 'थांब' मात्र कुणीही करू शकतो, झाडूवाल्या मावशीसुद्धा, आणि तो पाळायचाच.

मालक आणि सुपरवायझरांसाठी

दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात बॅनर लागतात, शपथ होते, चांगलं आहे. पण सुरक्षेचं वळण लागतं ते ३१ मार्चच्या संध्याकाळी, ट्रक दारात उभा असताना. त्या वेळी पोरगा म्हणतो, "साहेब, रोपच्या तारा तुटल्यात, उचलत नाही." तुम्ही "काय होत नाही, उचल रे" म्हणालात तर वर्षभराचं शिक्षण त्या एका वाक्यात गेलं. कारण तो एकटा ऐकत नसतो, आख्खी बे ऐकत असते.

क्रेन थांबवणाऱ्याचा पगार किंवा पीस रेट त्या वेळेपुरता कापला जाणार नाही, हे आधीच सगळ्यांसमोर सांगा. 'थोडक्यात वाचलो' अशा प्रसंगांसाठी वेगळी वही ठेवा आणि त्यात कुणाचं नाव विचारू नका, फक्त काय झालं ते लिहू द्या. सकाळी पाच मिनिटं उभ्या-उभ्या बोला, कालच्या वहीतलं एकच काहीतरी, कन्नड आणि मराठी दोन्हींत. आणि अपघात झालाच तर 'निष्काळजीपणा' हा शब्द कागदावर लिहिण्याआधी विचारा: त्याला आकडीची सळी दिली होती का? खुणा करणारा ठरलेला होता का? माझ्या वेळी हे कुणी विचारलं असतं तर मला बोलायला जागा मिळाली असती.

एकट्याला कधी सोडायचं

साधारण दोन-तीन महिन्यांनी, डोळे तपासून झालेले असताना, मी शेवटची परीक्षा घेतो. ती कशी असेल हे आधी सांगत नाही. एक कास्टिंग मुद्दाम चुकीचं बांधून ठेवतो, स्वतः मेन स्विचपाशी उभा राहतो आणि जरा चढ्या आवाजात म्हणतो, "उचल लवकर, गाडी थांबलीय."

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक मुलगा होता. त्याने पेंडंट हातात घेतला, कास्टिंगभोवती एक फेरी मारली आणि खाली बसून पट्ट्याकडे बघितलं. मी पुन्हा ओरडलो. त्याचा आवाज थोडा कापत होता, पण त्याने लाल बटण दाबून धरलं आणि म्हणाला, "मामा, कोपऱ्याला पॅकिंग नाही. घालून येऊ काय?"

मी वहीत त्याच्या नावापुढे तारीख घातली, त्याची सही घेतली. दुसऱ्या दिवसापासून दोन नंबरची बे त्याच्याकडे दिली.